सात नंबरच्या चांद्रवीराची पाठ

अप्पा कुठलंही खेळणं हातात घेतलं की आधी ते उलटं करायचे. तोंड सगळ्यात शेवटी. आधी पाठ, मग तळपाय, मग बगला. दुकानदार तोंड वर करून दाखवायला जायचा, तर अप्पा त्याचा हात बाजूला करायचे. "पुढून सगळेच हसतात हो. काम कसं झालंय ते पाठीला विचारायचं."

मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. कर्जत आणि जामखेड तालुक्यातले किती बांध त्यांनी साखळी टाकून मोजले असतील त्याला गणती नाही. निवृत्त झाले, साखळी खुंटीला लागली, आणि मोजायला काही उरलं नाही. नेमका त्याच सुमाराला माणूस चंद्रावर उतरला. मग काय, जत्रेत, बाजारात, जिथंतिथं पत्र्याचे नि प्लास्टिकचे चांद्रवीर यायला लागले. डोक्यावर काचेचं मडकं, पाठीवर पेटी, चावी दिली की खुडखुड चालणारे. अप्पांनी एक घेतला, मोजला, दुसरा घेतला. मी त्या घरात राहायला गेले तेव्हा कपाटात नऊ होते. निघाले तेव्हा अकरा.

त्या घरात खोली मिळाली तीसुद्धा पाठीमुळंच. आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून कर्जतला आले. लग्नाला चारच महिने झालेले. कर्जतमध्ये दोन माणसांना राहण्यासारखी खोली शोधून शोधून आम्ही दमलो होतो. अप्पांनी आम्हाला ओटीवर बसवलं, आणि नाव नाही, गाव नाही, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या उशीच्या अभ्र्याकडं बोट केलं.

"हे फुलांचं भरतकाम कोणाचं?"

"माझं."

"द्या इकडं."

अभ्रा हातात घेतला, सरळ उलटा केला आणि भिंग लावून मागच्या गाठी बघत बसले. आमचे हे माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. आतून माई आल्या, अप्पांच्या मंडळी. कपाळभर कुंकू, हाताला पीठ. त्या म्हणाल्या, "घाबरू नगंस गं. मला बघायला आले तवा पन असंच. पोहे कसे झाल्यात ते न्हाई इचारलं, कढईचं बूड बघितलं."

"गाठी आखूड आहेत. धागा ओढलेला नाही," अप्पा म्हणाले. "खोली दिली."

माझी शाळा सातवीनंतर सुटली होती. लिहायचं म्हणजे माहेरी पत्र, तेही चार ओळींचं. पण अप्पांच्या एका हातात भिंग असायचं, दुसऱ्यात खेळणं, मग लिहिणार कोण? माई म्हणायच्या, "मला अंगठा येतो, घ्या." म्हणून वही माझ्या मांडीवर आली. आज मी हे जे चार शब्द लिहिते ते त्या वहीतून आलेत, दुसरी शाळा मला नाही.

वहीत प्रत्येक नगाचा रीतसर पंचनामा, आधीच्या नऊंचाही नव्यानं तपासून. नग क्रमांक, पाठ, जोड, हद्दी, चाल, आवाज, आणि शेवटी शेरा. शंभरापैकी गुण. हद्दी म्हणजे काय हे मला आधी कळलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका प्लास्टिकच्या चांद्रवीराकडं बघून अप्पा ओरडले, "अतिक्रमण!"

मी दचकून दाराकडं बघितलं. वाटलं कोणी घुसलं.

"अगं, हे बघ. पट्ट्याचा लाल रंग सदऱ्याच्या पिवळ्या रंगात किती आत शिरलाय! अर्धं सूत. हा लाल उद्या म्हणेल की सदरा माझ्या आज्याचा. लिही, कमरेवर अतिक्रमण, गुण वजा सहा."

चाल बघायची तर गवंड्याची पाणसळ ठेवून आधी फरशी सपाट आहे का ते बघणार. मग खडूनं सरळ रेघ. चावीचे बरोबर बारा वेढे. चांद्रवीर सोडला की आम्ही तिघं श्वास धरून. रेघ सोडून डावीकडं गेला की गुण गेले. आवाजासाठी त्याचं पोट कानाला लावायचे, अगदी आमच्या दवाखान्यातले डॉक्टर लावतात तसं. "चावीची कमान कोरडी आहे." "चाकाचा एक दात खातोय." रंग नाकाला लावून हुंगायचे. "रॉकेल घातलंय रंगात. दोन उन्हाळ्यांत पोपडे धरील."

जत्रेत तर बघायलाच नको. दुकानापुढं उकिडवे बसून पिशवीतून भिंग, फूटपट्टी, पाणसळ काढायचे. मागं माणसं गोळा व्हायची. एकदा एक खेळणीवाला वैतागून म्हणाला, "सायेब, पोराला खेळनं घेताय का पोरीला स्थळ?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "स्थळ असतं तर इतकं बघितलं नसतं."

माई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरं हाय ते. मीच साक्षीदार."

आणि एक सांगते, चांद्रवीरांशी आपण कधी खेळत नाही असं अप्पा छातीवर हात ठेवून सांगायचे. एका दुपारी मी पाणी मागायला गेले तर अप्पा स्वयंपाकघरात परातीपुढं बसलेले. परातीत ज्वारीचं पीठ पसरलेलं, त्यात मधूनमधून वाटीनं खळगे पाडलेले, आणि मधोमध चांद्रवीर खुडखुड चालतोय. "तळपायाचा ठसा तपासतोय," मला बघून अप्पा म्हणाले. कान लाल झाले होते. तेवढ्यात माई आल्या. परातीकडं बघितलं. "भाकरीचं पीठ हाय ते. तुमचा चंद्र झाला असंल तर उचला, मला तवा टाकायचाय."

आता सात नंबरविषयी.

सात नंबर अप्पांनी नगरच्या जुन्या बाजारात घेतला होता, एका भंगारवाल्याकडून. वीतभर उंचीचा, पत्र्याचा, चंदेरी रंग, छातीवर तांबड्या-निळ्या चकत्या. भंगारवाला म्हणाला की लष्करातल्या कुणा मोठ्या साहेबाच्या बंगल्यातून आलाय, जपानी माल. अप्पांनी तिथंच रस्त्यावर बसून पाठ बघितली आणि त्यांना म्हणे घाम फुटला. एकही जोड नखाला लागत नव्हता. रंगाची एकही हद्द ढळलेली नव्हती. शंभरापैकी सत्त्याण्णव गुण. तीन कापले ते चावीचे, कारण चावी गावठी, जाड तारेची होती. 'मूळ चावी गहाळ, नंतर कोणी दुसरी बसवलेली' असा शेरा.

त्या दिवसापासून कर्जतच्या लोकांना सुख नाही. कोणीही घरी येवो, ग्रामसेवक येवो की दूधवाला, त्याला सात नंबरची पाठ बघावी लागायची आणि भाषण ऐकावं लागायचं. "हे जपानी काम! आपल्याकडच्या हाताला हद्दच समजत नाही. शंभर वर्षं गेली तरी जमायचं नाही." आमचे हे दबक्या आवाजात मला म्हणायचे, "आपल्याकडच्या हातानंच तर ह्यांना रोज चहा मिळतो."

अप्पा हट्टी होते. तीस वर्षांत त्यांनी एकदाही 'मोजणी चुकली' असं लिहून दिलं नव्हतं. एकदा वरच्या साहेबानं फेरमोजणी लावली तर अप्पा भर उन्हात दिवसभर साखळी धरून उभे राहिले आणि साहेबाकडूनच लिहून घेतलं की पहिली मोजणी बरोबर. ही गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली असेल.

तर त्या साली पाऊस नव्हताच. विहिरीला तळ लागलेला, आम्ही हंडा हंडा मोजून वापरायचो. नवरात्रात अप्पा दोन दिवस जामखेडकडं गेले होते, भावाभावांचा बांधाचा वाद मिटवायला. खंडेनवमीच्या पूजेला परत येतो म्हणाले. आदल्या दिवशी माई मला म्हणाल्या, "पोरी, उद्या हत्यारं पुजायची. साखळी, होकायंत्र, माझं शिवनयंत्र, समदं घासून ठिव. पानी कमी वापर, राख घे."

मी परसात बसले. राख, चिंच, काथ्या. पितळेचं होकायंत्र असं लखलखलं की त्यात तोंड दिसावं. साखळीची कडी न् कडी घासली. आणि मग माझ्या मनात आलं, पूजा हत्यारांची नि यंत्रांची. अप्पांचं सगळ्यात लाडकं यंत्र तर कपाटात उभं आहे. चावीनं चालतं, चाकं आहेत पोटात. त्याला फूल नको वाहायला? अप्पा खूश होतील.

कपाटातून सात नंबर आणला. आणि अप्पांनी शिकवलेलंच केलं. सुरुवात पाठीपासून.

चार हात मारले असतील. ओंजळीत चंदेरी पाणी आलं. मला वाटलं मळ निघतोय. म्हणून आणखी चिंच लावली, बरं का! मग पाठीवर हिरवं काहीतरी दिसायला लागलं. त्यावर अक्षरं. मी मनात म्हटलं, बाई, जपानी लिपी. अजून थोडं चोळलं. मग खेळणं फिरवलं, डोकं खाली पाय वर केलं, आणि अक्षरं सरळ झाली. 'वनस्पती तूप', आणि खाली 'निव्वळ वजन'. ठळक मराठीत.

माझ्या हातातला काथ्या तिथंच पडला.

माईंना हाक मारली. माई आल्या, बघितलं, आणि खाली बसल्याच. "अगं, ह्यो तर तुपाचा डबा हाय!" मग एकदम तोंडावर हात. "ह्या मानसानं डब्याला सत्त्यान्नव दिलं?"

त्यांना हसू येत होतं नि मला रडू. दोन गुन्हे झाले होते माझ्या हातून. एक, अप्पांचा जीव की प्राण असलेला नग घासून बोडका केला. दुसरा त्याहून वाईट. ज्या नजरेवर अप्पा जगत होते ती नजर खोटी पाडली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ते घास खाली ठेवून म्हणाले, "उद्यापासून खोली बघायला लागतो." ते चेष्टेनं म्हणाले की खरंच, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मला मात्र रात्रभर डोळ्यापुढं आमचं सामान ओटीवर दिसत होतं.

सकाळी अप्पा आले. पाटावर सगळं मांडलेलं. साखळी, होकायंत्र, शिवणयंत्र, आणि मधे सात नंबर, कपाळावर कुंकू, पाठीमागं माईंनी झेंडूचा हा एवढा हार टेकवलेला. अप्पांना भरून आलं. "चांद्रवीरालाही मांडलंत?" म्हणाले. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, ओवाळलं. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कोणी हात लावत नाही म्हणून मी वाचले. दिवसभरच. दिवसभर अप्पा येता-जाता त्या हाराकडं बघून हसायचे आणि मी हार ढळला नाही ना ते बघायचे. माई म्हणाल्या, "नको सांगूस. हार सुकंस्तवर काय तरी सुचंल." पण ज्यांनी मला अक्षर दिलं त्यांना फसवून मी त्यांच्याच वहीत काय लिहिणार होते?

दसऱ्याला सकाळी अप्पांनी हार काढला आणि सवयीप्रमाणं सात नंबर उचलून उलटा करायला लागले.

"अप्पा, थांबा! पाठ बघू नका."

ते थांबले. जन्मात त्यांना असं कोणी म्हटलं नसेल. "का?"

"मी घासली. चिंचेनं. रंग गेला."

अप्पांनी पाठ बघितली. भिंग काढलं. मग म्हणाले, "वही आण."

मी वही घेऊन बसले.

"लिही. नग क्रमांक सात, फेरतपासणी. पाठ: रंग गेलेला, तळहाताएवढा. कारण?"

"चिंच आणि राख."

"ते लिही. कोणी?"

मी माझं नाव लिहिलं. स्वतःच्या गुन्ह्याचा पंचनामा स्वतःच्या हातानं, आणि अक्षर बिघडू नये म्हणून डोळे पुसत पुसत.

"पुढं, रंगाखाली..." अप्पा म्हणाले, आणि थबकले. नग उलटा केला. ओठ हलले, अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मग नग हळूच पाटावर ठेवला, भिंग घडी करून खिशात घातलं आणि उठून परसात गेले. शेऱ्याची जागा मोकळीच राहिली.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला आपट्याची पानं दिली, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप. भाकरी अर्धी टाकायचे. दूधवाला विचारायचा, "आज जपानी दावत न्हाई व्हय?" तर आत निघून जायचे. मला ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला टोचत होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माई एरवी टोमणे मारायच्या, त्याही गप्प. एवढंच म्हणाल्या, "लई वर्सांनी ह्या घरात कुनी कायच मोजत न्हाई. करमत न्हाई मला."

चौथ्या दिवशी सकाळी अप्पा धोतर-कोट घालून माझ्या दारात. हातात टॉवेलात गुंडाळलेला सात नंबर.

"वही घे. नगरला जायचंय. तुझ्या नवऱ्याला विचारलंय."

एसटीत टॉवेल मांडीवर घट्ट धरून बसले. मिरजगाव गेलं तसे म्हणाले, "डबा असेल. पण जोड खोटा नव्हता. माझ्या नखाला लागला नाही तो. मग हा हात कोणाचा?"

नगरला उतरून आम्ही पत्र्याची कामं करणाऱ्यांच्या बोळात शिरलो. ठोकाठोकीनं कान बधिर. दारोदार नरसाळी, चाळण्या, रॉकेलच्या चिमण्या टांगलेल्या. अप्पा कोणालाच काही विचारत नव्हते. पहिल्या दुकानातलं नरसाळं उचललं, उलटं केलं, जोडावर नख फिरवलं, ठेवलं. दुसऱ्यात चाळणी. ठेवली. लोक बघत होते, हे म्हातारं काय शोधतंय. सहा-सात दुकानं झाली. मग एका अगदी अरुंद गाळ्यात त्यांनी एक साधी चिमणी उलटी केली, नख फिरवलं, आणि नख परत फिरवलं.

"हाच," म्हणाले.

आत एक म्हातारे चाचा पत्रा कापत बसले होते, शेजारी त्यांची बायको, चिमण्यांना रंगाचे पट्टे देत. अप्पांनी टॉवेल सोडला.

चाचांनी कात्री ठेवली. "अरे! हा तर आपला!" बायकोकडं वळून म्हणाले, "बघ गं, चांदवाला आला."

"तुम्ही केला?" अप्पांनी विचारलं.

"मग कोन? पेपरात फोटो आला होता, तो बघून केला. नातीसाठी. दोन महिने लागले साहेब, धंदा सोडून. रंग हिनं दिला. मोडक्या घड्याळाची कमान घातली. नात आईसंगं तिच्या गावी गेली, घरातला पसारा भंगारात दिला, त्यात हा पन गेला. लई शोधला."

"आणि चावी?"

"ती पन मीच केली. सायकलच्या आऱ्याची." मग त्यांनी पाठ बघितली. "हे कोनी घासलं?"

मी मान खाली घातली. चाची पुढं झाल्या, बोट फिरवलं, आणि हसल्या. "चिंच लावली ना? मी पन एकदा लावली होती एका डब्याला. आन इकडं, आत्ता भरून देते. कळनार पन नाही."

त्यांनी कुंचला उचलला. अप्पांनी नग मागं घेतला.

"नको. आता राहू द्या. मागच्या वेळी मला जे दिसलं नाही ते आता दिसतंय. ते झाकू नका." मग अप्पा, हे मी डोळ्यांनी बघितलं, त्या अरुंद गाळ्यात दोन्ही हात जोडून उभे राहिले. "मी गावभर सांगत फिरलो की आपल्याकडच्या हाताला हद्द समजत नाही. सगळ्यांना सांगितलं. चुकलं माझं."

चाचांनी घाईनं बसायला जागा केली. "बसा बसा साहेब. भंगारवाला जपानी म्हनाला असंल. आमी कशाला म्हनू? ए, चहा सांग."

चहा पिऊन अप्पा एका पालथ्या डब्यावर बसले. "वही काढ. फेरतपासणी अपुरी आहे. गुण?"

"सत्त्याण्णव होते."

"चावी मूळचीच निघाली. तीन परत दे. शंभर."

मी लिहिलं. मग धीर करून विचारलं, "आणि अप्पा... घासल्याबद्दल किती कापू?"

त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. "शेरा लिही," म्हणाले. "मोजणी चुकली होती. नग बरोबर आहे."

माझी लेखणी थांबली. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाला लिहून दिलं नव्हतं.

"लिही की. हात का थांबला? शाई संपली का?"

लिहिलं. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि तिथून उठताना चाचांकडून दोन चिमण्या घेतल्या. परतीच्या एसटीत मिरजगावपर्यंत त्या चिमण्यांचीच तारीफ. शेजारच्या सीटवरच्या माणसाला दोन्हींच्या पाठी बघाव्या लागल्या.

कपाटाचं कुलूप निघालं. बाकीचे सगळे तोंड पुढं करून उभे, आणि सात नंबर एकटा पाठ करून. माई म्हणाल्या, "ह्यो काय रुसलाय व्हय?" दूधवाल्याला आता नवीन भाषण ऐकावं लागायचं, ते आधीच्याहून लांब होतं. आमची बदली झाली तेव्हा अप्पा स्टँडवर आले, माझ्या ट्रंकेची मागची बाजू बघितली, बिजागरी ढिली आहे म्हणाले.

अप्पा गेले, मग माई गेल्या. त्यांच्या पुतण्यानं ती वही माझ्याकडं पाठवली. अक्षर सगळं माझं, म्हणून असेल. सात नंबरच्या पानावर, सहीच्याही खाली, एक ओळ होती ती मात्र मी लिहिलेली नव्हती. अप्पांच्या स्वतःच्या हातची, वाकडीतिकडी:

'घासण्याची सुरुवात पाठीपासून केली. हे योग्य. वजा काही नाही.'